सुप्याचा बाजार आणि दारावरचं समन्स

कर्जाच्या दाव्याचं समन्स घेऊन बेलिफ आला की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, ‘घरात कुणी नाही.’ त्यामागे भीती असते, इज्जतीचा प्रश्नही असतो. पण दार लावल्यानं दावा थांबत नाही. दीडशे वर्षांपूर्वी दख्खनच्या शेतकऱ्यांनी याची मोठी किंमत मोजली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, भर बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. हाती लागले ते त्यांनी जाळले. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरलं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच उतरला होता आणि सारा मात्र वाढला होता. त्यात १८५९ च्या कायद्यानं कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतू कुळाच्या भल्याचा, पण घडलं उलटंच. मुदत संपायच्या आत सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत करून घ्यायचा. खत लिहायचा तो, वाचायचाही तोच. कुळाच्या वाट्याला उरायची ती निशाणी नांगर! पुढे दावा लागला की कोर्ट लांब, वकील महाग, म्हणून कुळ जायचंच नाही. बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघायचे. फेडलेल्या रकमेचा हिशेब मागायला तिथं कुणी हजरच नसायचं.

दंगलीनंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायाधीशानं प्रतिवादीची साक्ष घ्यावी, रोख्यामागचा व्यवहार मुळापासून तपासावा, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, असं ठरलं.

मला इथं सूरह बकराची २८२ वी आयत आठवते. कर्ज लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, आणि मजकूर सांगावा तो ज्याच्यावर देणं आहे त्यानं, असा तिचा आशय आहे. सुप्यात नेमकं याच्या उलट चाललं होतं. त्याआधीची २८० वी आयत अडचणीतल्या ऋणकोला सवलत द्यायला सांगते. अर्थात सवलत म्हणजे कर्जमाफी नव्हे. ऐपत असून देणं टाळणाऱ्याला इस्लाम जालीमच मानतो.

म्हणून आज समन्स आलं तर ते घ्या, तारीख पाहा आणि हजर राहा. लेखी जबाबाला सर्वसाधारणपणे तीस दिवस असतात. संक्षिप्त दावा असेल तर दहा दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. पावत्या, बँकेचे उतारे गोळा करा. मुदत संपली आहे का, व्याज कसं लावलं, सावकाराकडे परवाना आहे का, हे विचारा. देणं खरं असेल तर तसं सांगून हप्ते मागा. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल, तर तो रद्द करून घ्यायलाही तीस दिवसच मिळतात.

सुप्यातल्या माणसांना कागद जाळावे लागले, कारण त्या कागदांवर त्यांचं म्हणणं कधी लिहिलंच गेलं नव्हतं. आपल्याला ते लिहिता येतं. त्यासाठी आधी दार उघडावं लागेल.