शॉकअप, बुश आणि धक्का

गॅरेजातला 'शॉकअप' हा मुळात 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर', हे कोणी सांगायला नको. पण तो आखडला कसा, हे पाहण्यासारखे आहे. शेपटीतले 'सॉर्बर' गळून पडले आणि मागे राहिलेल्या 'अ‍ॅब'मधला 'ब' शब्दाच्या टोकाशी आल्यावर 'प' झाला असावा. 'पिकअप', 'मेकअप' ही मंडळी आधीच रुळलेली होती, त्यांच्या पंगतीत 'शॉकअप' सहज बसला. या आटापिट्यात अर्थ मात्र उलटा झाला. 'अ‍ॅब्सॉर्ब'मध्ये लॅटिन 'सॉर्बेरे' आहे, म्हणजे भुरकणे, गिळणे. मूळ शब्द 'धक्का गिळणारा' असा होता. आपण गिळणे टाकून दिले आणि धक्का ठेवला. मार सोसणाऱ्यालाच माराचे नाव मिळाले.

'सॉर्बेरे' दिसले की 'सॉर्बे' हा बर्फाळ गोड पदार्थ आठवतो. तोही भुरकण्याचाच, तेव्हा नाते पक्के वाटते. पण तो अरबी 'शरिब', म्हणजे पिणे, या घराण्यातला; तुर्की 'शेर्बेत'वरून इटलीत आणि पुढे फ्रान्सात गेलेला. म्हणजे आपल्या सरबताचा भाऊ, आणि शराबेचाही.

शॉकअपच्या दोन्ही टोकांच्या कड्यांत रबरी बुश बसवलेले असतात. यातला 'रबर' हा शब्द धक्क्याशी काडीचाही संबंध नसलेला. जोसेफ प्रीस्टली याने १७७० मध्ये पेन्सिलीच्या खुणा पुसणाऱ्या एका पदार्थाची नोंद केली. इंग्रजी 'रब' म्हणजे घासणे, म्हणून 'रबर' म्हणजे घासणारा. त्याच्या आधी, १७३६ मध्ये, ला काँदामिन या फ्रेंच प्रवाशाने दक्षिण अमेरिकेतून त्याचे नमुने पॅरिसला पाठवले होते. फ्रेंचांनी तिथलेच नाव उचलून 'काउचूक' केले. 'झाडाचे अश्रू' असा त्याचा अर्थ सांगतात. तो इतका गोड आहे की थोडी शंका घ्यावीशी वाटते. इंग्रजांनी गाव सोडून कामावरून नाव ठेवले. मराठीत ते आले तेव्हा घासण्याचा अर्थ वाटेतच गळाला होता आणि पदार्थाचे नाव तेवढे उरले. मग पाटी-पेन्सिलीच्या दुनियेत ते काम सांगायला पुन्हा 'खोड' जोडावे लागले आणि 'खोडरबर' जन्मला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा 'खोडणारा पुसणारा' झाला. पावरोटीत पोर्तुगीज पाव आणि देशी रोटी दोन्ही असतात, तसा.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयर याला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला आणि ते खऱ्या अर्थाने यंत्रात बसण्याजोगे झाले. इंग्लंडात टॉमस हँकॉक त्याच वाटेवर होता. या क्रियेचे 'व्हल्कनायझेशन' हे नाव त्याच्या ब्रॉकडन नावाच्या मित्राने सुचवले. व्हल्कन हा रोमनांचा अग्नी आणि लोहारकामाचा देव. पंक्चरवाल्याच्या पाटीवर 'हॉट व्हल्कनायझिंग' असे रंगवलेले असते तेव्हा रोमन देव टायरच्या ढिगाशेजारी उभा असतो. काही जुन्या पंडितांनी व्हल्कनचे नाते संस्कृत 'उल्का'शी जोडू पाहिले होते. अर्थ जुळतो, ध्वनीही बरेचसे जुळतात, पण ते सिद्ध झालेले दिसत नाही.

'बुश' हा 'रबर'हून फिरस्ता. याचा झुडपाशी संबंध नसावा. डच 'बुस' म्हणजे डबी, नळकांडे. ते लॅटिनमधून, आणि लॅटिनने घेतले ग्रीक 'पिक्सिस'वरून. पिक्सिस म्हणजे 'पिक्सोस' या झाडाच्या घट्ट लाकडाची डबी. इंग्रजी 'बॉक्स' त्याच बीजाचा. डचांनी तोफेच्या नळीलाही 'बुस' म्हटले. 'डोंडरबुस' म्हणजे गडगडाटी नळी, आणि इंग्रजांच्या तोंडी तिची 'ब्लंडरबस' झाली. तेव्हा स्कूटरखालचे बुश आणि जुनी रुंद तोंडाची बंदूक चुलत बहिणी ठरतात. गंमत अशी की 'बंदूक'सुद्धा झाडावरूनच उतरली आहे: अरबी 'बुंदुक' म्हणजे एक कवचाचे फळ, मग तेवढी गोळी, मग गोळी मारणारे हत्यार.

इंजिनाखालच्या रबराला आपले मिस्त्री 'फाउंडेशन' म्हणतात. 'फाउंडेशन बसलंय, बदलावं लागेल.' पाया म्हणजे न हलणारा; इथे मात्र पाया हलावा म्हणूनच रबराचा केला आहे. १९३१ मध्ये क्रायसलर कंपनीने प्लिमथ गाडीत चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर सांगाड्यापर्यंत पोचू नये म्हणून ते रबरी आधारांवर बसवले आणि त्या रचनेला नाव दिले 'फ्लोटिंग पॉवर', तरंगती शक्ती. सित्रोएनने तीच रचना फ्रान्सात नेली आणि जाहिरातीत हंस वापरला. अमेरिकेला तरंगणे दिसले, आपल्याला पाया.

रबर थरथर मारते म्हणजे नेमके काय करते? दाबले की दबते आणि सोडले की परतते, पण आलेल्या वाटेने नाही, जरा मागे राहून. परतीच्या वाटेवर थोडी ऊर्जा उष्णता होऊन हरवते. या मागे राहण्याला शास्त्रात 'हिस्टेरिसिस' म्हणतात. युइंग या शास्त्रज्ञाने हा शब्द चुंबकत्वासाठी योजला, ग्रीक 'हिस्टेरोस'च्या कुळातून. त्याचा अर्थ नंतरचा, मागाहूनचा. आणि 'हिस्टेरोस'चा संस्कृत सहोदर कोण? 'उत्तर'! उत्तररात्र, उत्तरार्ध यांतला 'नंतरचा' हा अर्थ तोच; प्रश्नाच्या मागाहून येते म्हणून 'उत्तर'ही त्यातूनच निघाले असावे. रबर रस्त्याला उशिरा उत्तर देते, आणि म्हणून प्रवाशाची हाडे शाबूत राहतात.

रबराआधी हे काम कमान आणि गादी करत. 'कमान' फारसी, धनुष्यावरून आलेली, तिचे कोडे नाही. 'गादी'चे आहे. ती संस्कृत 'गर्त'कडे पोचते असा एक तर्क आहे. 'गर्त' म्हणजे वैदिक भाषेत उच्च आसन, रथातली बैठक. ऋग्वेदात रुद्राला 'गर्तसद्' म्हटले आहे. पण 'गर्त'चा दुसरा अर्थ खड्डा, ज्यातून आपले 'गर्तेत जाणे' आले. एकाच रूपात रथाची बैठक आणि रथाला गचका देणारा खड्डा! हे दोन निरनिराळे शब्द असावेत, फक्त उच्चाराने एक झालेले. तरी शॉकअपशेजारी हा योग ठेवून पाहिला की मौज वाटते.

तिसरा जोडीदार खुद्द 'धक्का'. ढकलणे तो धक्का, आणि बोट लागते तोही धक्का; मुंबईत भाऊ अजिंक्य यांच्या नावाचा भाऊचा धक्का प्रसिद्ध आहे. लाटांचे आणि बोटींचे धक्के खातो म्हणून बांधाला धक्का म्हटले, अशी सरळ उपपत्ती सुचते आणि सोसणाऱ्याला माराचे नाव देण्याची आपली खोड पुन्हा सिद्ध होते. मात्र मंगळुरातही बंदराच्या घाटाला 'दक्के' म्हणतात. किनाऱ्यावरचे खलाशी शब्द गलबतातून नेतात, तेव्हा हा शब्द कोकणातून दक्षिणेला गेला, की दक्षिणेतून येऊन आपल्या 'धक्क्या'ला नंतर चिकटला? दुसरे खरे असेल तर माझ्या सिद्धांताचा एक बुश गेलाच. तरी 'शॉकअप' आहे, तोवर उरलेल्यावर गाडी चालते.