हात आणि हातोटी

कानडीत ‘दोड्ड’ म्हणजे मोठे आणि ‘चिक्क’ म्हणजे लहान. केंपेगौडाने १५३७ मध्ये मातीचा कोट बांधून बेंगळूर वसविले, तेव्हा त्यातील दोन मुख्य रस्त्यांना दोड्डपेटे आणि चिक्कपेटे अशी नावे मिळाली. मोठ्या पेठेचे नाव पुढे बदलले व ती अव्हेन्यू रोड झाली. धाकट्या पेठेचे नाव मात्र चिकपेट या रूपाने आजही लोकांच्या तोंडी आहे. तिच्या अरुंद रस्त्यावर रेशमाचा आणि कापडाचा व्यापार अजून चालतो. गादीवर बसलेला दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलता बोलता घडी उलगडतो, पदर दाखवितो आणि घडी पुन्हा होती तशी करून ठेवतो. त्याचा हात केवढा आहे, हे कोणी पाहत नाही. पाहणाऱ्याच्या लक्षात राहते ती त्याची सफाई.

या पेठेशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७ मध्ये मोगलांनी ते एकोजींकडून घेईपर्यंत सुमारे अर्धशतक तेथे भोसल्यांचा अंमल होता. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त त्यांच्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींचे वर्णन केले आहे. राज्य गेले, तरी माणसे राहिली. बेंगळूरच्या जुन्या वस्तीतील भावसार घराण्यांत मराठीची एक बोली अजून ऐकू येते. दख्खनी, मराठी आणि कानडी रीतिभाती ज्या मुलखात अशा एकमेकींत मिसळल्या, त्या मुलखाचा एक आवडता खेळ म्हणजे गंजिफा.

गंजिफा इराणातून हिंदुस्थानात आला. आपण गंजिफाची पाने सिंधमध्ये शाह हसनकडे पाठविल्याची नोंद बाबराने १५२७ च्या सुमारास आपल्या आत्मवृत्तात केली आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि शहाण्णव पाने असत. दक्षिणेत त्याला दशावताराचे रूप मिळाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण एकशेवीस. तिघे खेळावयास बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. चाळीस पाने एका मुठीत धरावयाची, तर ती लहानच हवीत. म्हणून ती तळहातात मावतील अशी, गोल आणि आटोपशीर करीत. सावंतवाडीचे चितारी कापडाला चिंचोक्याची खळ देत, त्यावर खडूचा लेप चढवीत, चित्रे रंगवीत आणि लाखेने पान पक्के करीत. अशी पाने ताठ असतात. ती आजच्या पत्त्यांप्रमाणे वाकवून फरफरविता येत नाहीत. चादरीवर उपडी पसरून ती दोन्ही हातांनी कालवावी लागतात.

म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वोडेयर यांना या खेळाचा मोठा छंद होता. १७९४ मध्ये जन्मलेल्या आणि १८६८ मध्ये निवर्तलेल्या या राजाने ‘छद’ नावाने गंजिफाचे अनेक नवे प्रकार रचले. ‘श्रीतत्त्वनिधी’ या प्रचंड ग्रंथाच्या कौतुकनिधी भागात त्यांची माहिती आहे. त्यांतील काही संचांत तीनशेहून अधिक पाने आहेत. एवढा विस्तार पेलण्यासाठी माणसाचा हात वाढविणे राजालाही शक्य नव्हते. आकार आवरावा लागला तो पानांचाच. खेळ हाताच्या मापाने बेतावा, हा या परंपरेचा न बोललेला नियम होता.

युरोपीय पत्त्यांनी हा नियम वरवर पाहता मोडला. १८०९ मध्ये बेंगळुरास इंग्रजांची छावणी वसली. थॉमस डी ला रू यांनी १८३१ मध्ये लंडनला पत्ते छापण्याच्या नव्या रीतीचे पेटंट घेतले. त्यानंतर कागदी, चौकोनी, स्वस्त आणि एका छापाचे जोड जगभर पसरू लागले, आणि हाताने रंगविलेल्या गंजिफाला त्यांच्यापुढे टिकाव धरता आला नाही. एक संच रंगविण्यास लागणारे दिवस आणि यंत्रातून निघणारा गठ्ठा यांची बरोबरी होणे शक्यच नव्हते.

मात्र या लवचिक कागदाने एक निराळी विद्या वाढीस लावली, ती म्हणजे पत्त्यांची हातचलाखी. आपल्याकडील गारुडी वाट्या आणि गोळ्यांची नजरबंदी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. त्यांची मुले बाळपणापासून बापाजवळ बसून ती शिकत. म्हणजे लहान हाताने मोठी कला शिकणे ही त्यांच्या घरची नित्याची गोष्ट होती. पत्त्यांच्या बाबतीत मात्र एक समजूत रूढ झाली की, लांब बोटांवाचून ही विद्या साधत नाही. या समजुतीला आधार नाही असे नव्हे. पत्ता सुमारे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर उंच असतो. तो तळहातात लपवावयाचा, तर त्याचे एक टोक करंगळीच्या पेराशी आणि दुसरे अंगठ्याच्या उंचवट्याशी टेकावे लागते. लहान हातात त्याचा कोपरा बोटांबाहेर डोकावतो. जोड डाव्या हातात धरताना तर्जनी पुढे, तीन बोटे बाजूला आणि अंगठा वर अशी ठेवण असते. आखूड बोटांना ती ओढून आणावी लागते, आणि ओढलेला हात लगेच पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो.

या समजुतीला उत्तर दिले ते मॅक्स मालिनी यांनी. १८७३ मध्ये पोलंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीवरील प्रदेशात जन्मलेले मालिनी लहानपणी न्यूयॉर्कला गेले. त्यांचे हात इतके लहान होते की, नेहमीचा जोडही त्यांच्या हातात नीट मावत नसे. तरीही देशोदेशीच्या धनिकांपुढे आणि सत्ताधीशांपुढे त्यांनी आपली विद्या दाखविली. डोळ्यांवर पट्टी बांधून, टेबलावर विखुरलेल्या पत्त्यांतून प्रेक्षकांनी निवडलेले पत्ते सुरीच्या टोकाने नेमके टिपणे हा त्यांचा गाजलेला प्रयोग होता. १९४२ मध्ये होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी जादूगारांत एक गोष्ट सांगतात. योग्य संधी आलीच नाही तर काय करता, असे कोणी विचारले, तेव्हा आठवडाभर वाट पाहीन, असे ते म्हणाले. या गोष्टीत त्यांच्या कलेचे मर्म आहे. पत्ता हातामागे लपण्यापूर्वी तो प्रेक्षकाच्या दुर्लक्षामागे लपलेला असतो. नजर दुसरीकडे आहे, मंडळी हसत आहेत, मन क्षणभर सैल झाले आहे, अशा वेळी कोपरा बोटभर बाहेर राहिला तरी तो कोणास दिसत नाही. शिवाय एवढ्याशा हातात काही दडविता येईल, असा संशयही कोणास येत नाही. जे उणे, तेच आडोसा ठरते.

शिकण्याची रीतही हेच सांगते. फ्रान्सच्या रोबेर-उदँ यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, त्यांनी अंगरख्याला मुद्दाम खिसे शिवून घेतले होते आणि रस्त्याने चालताना त्या खिशांत त्यांच्या बोटांचा सराव चाले. बोटांची लांबी सरावाने वाढत नाही, पण प्रत्येक बोटाला दुसऱ्यापासून सुटे राहण्याची सवय लागते. पाने किंचित तिरपी धरली, मनगट सैल सोडले आणि हात नेहमी ठेवतो तसाच ठेवला, की आखूड बोटांचे बरेचसे काम भागते. ब्रिजसाठी तर पत्तेच अरुंद निघाले. नेहमीचा पत्ता त्रेसष्ट मिलिमीटर रुंद असतो, तर ब्रिजचा सत्तावन्न, कारण तेरा पाने एका हातात पसरून धरावी लागतात. गंजिफाच्या चिताऱ्यांनी जे शतकांपूर्वी ओळखले होते, तेच कारखानदारांनाही अखेर मान्य करावे लागले.

सावंतवाडीचा गंजिफा विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ विझला होता. राजे शिवरामराव भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्या शतकाच्या आठव्या दशकात राजवाड्यात चिताऱ्यांना पुन्हा काम दिले आणि ती कला तगली. वृद्ध कारागिरांजवळ बसून नवे हात शिकले, तेव्हाच ती पुढे सरकली. हातोटी ही अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ती देताना देणारा समोरच्या हाताची लांबी पाहत नाही, तो हात रोज पुढे येतो की नाही एवढेच पाहतो. आपले हात लहान म्हणून पत्त्यांचा जोड खाली ठेवणाऱ्या मुलाला या इतिहासाने एवढे तरी सांगावे की, माप पानाचे बदलता येते, धरण्याची रीत बदलता येते, वेळही निवडता येते. हात आहे तोच पुरेसा आहे.