पावसातून नेमकं काय घेतलं?



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी प्रपोजलमध्ये लिहिलं होतं, 'ही पद्धत निसर्गापासून प्रेरित आहे.' गाईडनी 'प्रेरित'भोवती लाल गोल काढला. "निसर्गातून नेमकं काय घेतलंस?" मला सांगता येईना. प्रपोजल परत आलं.

उत्तर कसं द्यायचं, हे मला कळलं ते तालवाद्यांच्या समूहसंगीताच्या इतिहासातून. तीन संगीतकार बघूया. तिघांनाही निसर्गाने खुणावलं, पण प्रत्येकाने वेगळी गोष्ट उचलली.

पहिले यानिस झेनाकिस. शिक्षणाने इंजिनिअर, पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे नोकरी. (हो, चंडीगडवालेच!) गारा पडताना एकेक गार कधी आपटेल ते सांगता येत नाही, पण हजारो गारांच्या आवाजाला मिळून एक आकार येतो. झेनाकिसनी हा संभाव्यतेचा नियम घेतला. 'पिथोप्राक्टा' (१९५५-५६) या वाद्यवृंदाच्या रचनेत तर बी.एस्सी.ला आपण शिकतो तेच वायूच्या रेणूंच्या वेगांचं गणित आहे. पुढे १९६९ मध्ये इराणच्या शिराझ महोत्सवात त्यांची 'पर्सेफासा' वाजली. यात सहा तालवादक श्रोत्यांना घेरून बसतात आणि वाद्यांमध्ये समुद्रकाठचे गोटेही असतात. शेवटी ठोके या सहा जणांमध्ये इतक्या वेगाने फिरतात की सुटा ठोका ओळखूच येत नाही. इथेही ऐकू येतो तो समूहच.

दुसरे जपानचे तोरू ताकेमित्सु. 'रेन ट्री' (१९८१) तीन वादकांसाठी आहे. केन्झाबुरो ओए यांच्या कथेतलं झाड आपल्या बारीक पानांत पाणी साठवतं आणि पाऊस थांबल्यावरही ठिबकत राहतं. ताकेमित्सुंनी ही प्रतिमा घेतली. मारिंबा, व्हायब्राफोन आणि धातूच्या छोट्या चकत्यांवर पडणारे सुटे सूर, मध्ये शांतता. इथे प्रत्येक थेंब मोलाचा, गणित नाही.

तिसरे जॉन ल्यूथर ॲडम्स, कित्येक वर्षं अलास्कात राहिलेले. त्यांची 'इनुकसुइट' (२००९) ९ ते ९९ वादक उघड्यावर वाजवतात. श्वास आणि शंखाच्या आवाजाने सुरुवात, शेवट पक्ष्यांच्या सुरांनी. मध्ये खराखुरा वारा आला, पक्षी ओरडला, तर तोही रचनेचाच भाग. ॲडम्सनी निसर्गाची जागाच घेतली.

म्हणजे नियम, प्रतिमा आणि जागा. आता उलटं बघा. झेनाकिसनी सुटा थेंब सोडला, ताकेमित्सुंनी समूहाचं गणित, आणि ॲडम्सनी तर काय ऐकू येईल यावरचा ताबाच सोडला. काहीतरी सोडल्याशिवाय कोणालाच काही घेता आलं नाही. मॉडेल बनवताना आपणही हेच करतो, फक्त लिहीत नाही.

मी 'प्रेरित' खोडलं आणि तिथे दोन वाक्यं लिहिली: काय घेतलं, काय सोडलं. पहिलं एका संध्याकाळी झालं. दुसऱ्याला तीन आठवडे लागले, आणि माझ्या पद्धतीची मर्यादा मला तिथेच पहिल्यांदा दिसली.

तुमच्या प्रपोजलमध्ये हा शब्द आहे का? आजच शोधा.