मोटारीच्या रंगाची राखण

नगर जिल्ह्यांत मोटार येण्याच्या कितीतरी आधीं वाहनाला न्हाऊं घालण्याची रीत होती. पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं शेतकरी बैलांची खांदेमळणी करी. जुवानें घासून घट्टे पडलेल्या खांद्यांवर हळद आणि तूप चोळी. दुसऱ्या दिवशीं तो बैलांना ओढ्यावर नेऊन त्यांचें अंग स्वच्छ धुई, शिंगें साळून त्यांस हिंगूळ लावी आणि मग मोठ्या दिमाखानें त्यांना वेशीकडे मिरवीत नेई. धुणें, स्निग्ध पदार्थ चोळणें आणि रंग देणें, या तीन क्रियांत शोभा होती. पण केवळ शोभाच नव्हती. ज्याच्या अंगावर वर्षाची शेती उभी राहावयाची त्याची कातडी शाबूत राहावी, हा त्यांतला खरा हेतु. मोटारीची निगा राखणारा मनुष्य आजही याच तीन क्रिया करीत असतो. भेद इतकाच कीं, बैलाच्या कातडीवरील ओरखडा कालांतरानें आपोआप भरून येतो. मोटारीची कातडी म्हणजे तिचा रंग, आणि तो एकदां गेला म्हणजे आपोआप कधींच भरून येत नाहीं.

हा रंग कशासाठीं हें समजल्यावांचून त्याच्या राखणीचें मर्म कळावयाचें नाहीं. लोखंडाला हवेंतील प्राणवायु आणि पाणी यांचा एकाच वेळीं संसर्ग झाला म्हणजे त्याचा गंज होतो. गंज हा मूळच्या लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो रंगाच्या पापुद्र्याला खालून उचलतो, पापुद्रा फुटतो, पाणी अधिक आंत शिरतें, आणि एका टांचणीएवढ्या भोंकापासून आरंभ झालेला रोग पत्रा खाऊन टाकतो. रंग हा या दोन शत्रूंच्या आणि लोखंडाच्या मध्यें उभा असलेला पहारेकरी होय.

या पहारेकऱ्याची भरती आरंभीं मोठी संथ होती. युरोपांत श्रीमंतांच्या घोडागाड्या रंगविणारे जे कारागीर होते, त्यांच्याच हातीं पहिल्या मोटारी गेल्या. जवसाच्या तेलांत खललेल्या रंगाचा एक हात द्यावयाचा, तो वाळूं द्यावयाचा, दगडाच्या भुकटीनें घासून सपाट करावयाचा, आणि पुन्हां दुसरा हात द्यावयाचा. असे अनेक हात झाल्यावर अखेरीस रोगण. एका मोटारीला कित्येक आठवडे लागत. फोर्ड कंपनीची 'टी' नमुन्याची मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्याच रंगांत मिळे, त्याचें कारण खर्च आणि वेळ हेंच होय. मोटारी हजारांनीं बनूं लागल्या होत्या, आणि तितक्या वेगानें रंग वाळणें आवश्यक होतें.

ही अडचण १९२३ सालीं दूर झाली. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें तयार केलेलें 'ड्यूको' नांवाचें रोगण त्या वर्षीं ओकलंड मोटारींवर चढलें. कापसाच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून बनविलेलें हें द्रव्य फवाऱ्यानें मारतां येई आणि आठवड्यांऐवजीं तासांत वाळे. अशा रोगणांना इंग्रजींत 'लॅकर' म्हणतात. तो शब्द आपल्याच लाखेपासून, संस्कृत लाक्षेपासून, अरबी व पोर्तुगीज भाषांच्या वाटेनें पश्चिमेकडे गेलेला आहे. पांडवांसाठीं जें घर बांधलें गेलें तें जाळण्यासाठीं. पण तोच पदार्थ शतकानुशतकें आपल्याकडे लांकडी खेळण्यांना आणि पाळण्यांना राखीत आला, ही गोष्ट मात्र विस्मरणांत जाते.

नव्या रोगणांत एक उणीव होती. तें वाळल्यावर निस्तेज दिसे आणि उन्हानें त्याच्या पृष्ठावर बारीक भुकटी धरे. त्यामुळें पॉलिश व मेण यांचा प्रघात मोटारवाल्यांत रूढ झाला. या दोहोंची गल्लत बहुतेक लोक करतात. पॉलिश म्हणजे अतिशय बारीक खर. तें मेलेला, भुरकटलेला थर खरवडून खालचा ताजा रंग उघडा करतें, म्हणजे प्रत्येक वेळीं थोडासा रंग खातें. मेण मात्र कांहीं खात नाहीं. तें वर एक पातळ आवरण घालतें आणि पाण्याचा थेंब चिकटूं देत नाहीं. ब्राझील देशांतील एका ताडाच्या पानांवर धरणारें कार्नोबा नांवाचें कठीण मेण या कामीं नांवाजलेलें आहे. चकाकी वारंवार हवी म्हणून जो वारंवार पॉलिश करतो, तो आपल्याच हातानें पहारेकऱ्याला झिजवीत असतो.

आतां नगरच्या रस्त्याकडे वळावें. १९४८ पूर्वीं या भागांतील उतारूंची वाहतूक खासगी सर्व्हिस मोटारींच्या हातीं होती. मोटारीबरोबर ड्रायव्हर आणि क्लीनर अशी जोडी असे. क्लीनरचें नांवच त्याच्या कामावरून पडलेलें. पहाटे बादलीभर पाणी आणि एक फडकें घेऊन गाडी पुसणें हा त्याच्या उमेदवारीचा पहिला धडा होता. गाडी मालकाची, तिचा तजेला मालकाचा. म्हणून रंगाची काळजी घेण्यांत मालकाचा स्वार्थ होता, आणि क्लीनरच्या पाठीशीं मालकाचा डोळा होता.

१ जून १९४८ रोजीं हें चित्र पालटूं लागलें. त्या दिवशीं पुणें-अहमदनगर मार्गावर मुंबई सरकारच्या राज्य परिवहन सेवेची, म्हणजे एस. टी.ची, पहिली गाडी धांवली. चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे यांचीं नांवें त्या दिवसाशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. गाडी बेडफर्ड बनावटीची होती; बॉडी लांकडी, बसण्याच्या जागा काथ्याच्या, आणि रंग निळा, वर रुपेरी टप. चास, सुपें, शिरूर अशीं गांवें घेत जाणाऱ्या या सुमारें १२० किलोमीटरांच्या रस्त्यावर त्या निळ्या गाडीनें एक नवा प्रश्न आपल्याबरोबर आणला. ही गाडी कोणा एकाची नव्हती, ती सर्वांची होती. मग तिच्या रंगाची राखण कोणी करावयाची?

निळा आणि रुपेरी हा रंगमेळ फार वर्षें टिकला नाहीं. लांकडी बॉडी जाऊन पोलादी आली, आणि पोलादाबरोबर गंज आला. कोंकणच्या खाऱ्या, दमट हवेंत तर पोलादी पत्रे झपाट्यानें खराब होऊं लागले. म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या बॉडी आल्या, आणि त्याच सुमारास गाड्यांचा रंगही बदलून लाल झाला. आज जिला लोक प्रेमानें 'लाल परी' म्हणतात ती ही. ॲल्युमिनियमलाही हवा लागते. पण त्याचा गंज पापुद्र्यासारखा गळून न पडतां अंगाला घट्ट बसतो आणि आंतल्या धातूचें रक्षण करतो. मात्र उघड्या ॲल्युमिनियमवर रंग नीट धरत नाहीं. त्याला आधीं वेगळा अस्तर-थर द्यावा लागतो. अलीकडच्या काळांत मजबुतीसाठीं एस. टी. पुन्हां पोलादी बांधणीकडे वळली आहे. म्हणजे रंगाचा पहारा पुन्हां पूर्वीइतकाच निकडीचा झाला आहे.

अस्तराची गोष्ट निघाली म्हणून येथें शेंदराचा उल्लेख करणें अवश्य आहे. गांवोगांवच्या मारुतीला तेलांत कालवून जो शेंदूर लावीत, तो शिशाचा एक लाल भस्मप्रकार होय. तोच जवसाच्या तेलांत खलून पूल, जहाजें आणि इतर लोखंडी बांधकामें यांना पहिला हात म्हणून देत, कारण गंजाला अटकाव करण्याचा गुण त्यांत आहे. शिसें विषारी असल्यामुळें हा उपयोग आतां बराच मागें पडला. त्याच्या जागीं बहुधा गेरूच्या जातीचा तांबडा अस्तर-रंग आला. गेरू आणि गंज हे दोघेही लोहाचेच भस्म. एक लोखंडाला खातो आणि दुसरा त्याच्यावर पांघरूण घालतो.

एस. टी.चा जन्म ज्या वर्षीं झाला, त्याच १९४८ सालीं नगरच्या छावणींत चिलखती दलाचें केंद्र व शाळा यांची उभारणी झाली. तेथें फेब्रुवारी १९९४ मध्यें रणगाड्यांचें संग्रहालय उघडण्यांत आलें. त्या संग्रहांत रोल्स-रॉईसची एक चिलखती मोटार आहे. तिच्या कुळाचें नांव 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत. १९०७ सालीं या कंपनीनें आपल्या एका मोटारीला ॲल्युमिनियमच्या चूर्णाचा रुपेरी रंग दिला, त्यावरून हें नांव पडलें. पुढें १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि त्याच सांगाड्यावर चिलखत चढलें. ज्या मोटारीची सारी कीर्ति तिच्या झळाळीवर उभी होती, तिला रणांत उतरतांना झळाळी टाकावी लागली. कारण रणांगणावर चकाकी म्हणजे शत्रूला दिलेली खूण. तेथें रंग मातकट आणि मंद हवा. रंग मात्र हवाच. चकाकी गेली तरी पहारा उठवितां येत नाहीं. रंगाचें मूळ प्रयोजन शोभा नव्हे, हें याहून स्पष्ट कोठें दिसावें?

नगर जिल्ह्यांत या पहाऱ्याला दोन संकटें विशेष भोगावीं लागतात: धूळ आणि पाण्याची टंचाई. उन्हाळ्यांत रस्त्यावरची धूळ गाडीवर पिठासारखी बसते. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल चाकांच्या वरच्या कमानींत भरतो आणि वाळला कीं ओल धरून ठेवतो, व तेथूनच गंजाला आरंभ होतो. धुळीवर कोरडें फडकें फिरविण्याची संवय सर्वांत वाईट; तीं बारीक खडीचीं कणें रंगावर हजारों ओरखडे उमटवितात. आधीं पाण्यानें धूळ सोडवावी, मग वरून खालीं धुवावें, कारण सर्वांत खरखरीत मळ खालीं असतो. उन्हानें तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकूं नये. विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी बहुधा जड असतें. तें अंगावरच वाळलें तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून धुतल्यावर लगेच मऊ फडक्यानें टिपून घ्यावें. कपडे धुण्याचा सोडा मेणाचें आवरण काढून टाकतो. पांखरांची विष्ठा रंगाला खाते. ती दिसतांच ओल्या फडक्यानें भिजवून काढावी. रॉकेलाचा हात फिरविला म्हणजे गाडी घटकाभर चमकते, आणि नंतर दुप्पट धूळ धरते.

परंतु या सर्व उपदेशाला पाणी लागतें, आणि हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. १९७२ च्या दुष्काळांत येथील माणसांनीं खडी फोडून दिवस काढले. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें मोटार धुण्यासाठीं रबरी नळी मोकळी सोडणें शोभत नाहीं. नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज सांडते. दोन बादल्यांत तीच गाडी स्वच्छ होते: एक साबणाची आणि एक फडकें खळबळण्याची. याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें पावसाचा जमाखर्च मांडून पिकें ठरविण्याचा धडा घालून दिला आहे. मोटारीवाल्यालाही तो जमाखर्च चुकलेला नाहीं. मेण नीट लावलेल्या गाडीला मळ कमी चिकटतो व पाणीही कमी लागतें. म्हणजे रंगाची राखण ही पाण्याचीही राखण ठरते.

१ जून २०२२ रोजीं, पहिल्या गाडीनंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनीं, याच पुणें-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' ही विजेवर चालणारी एस. टी. धांवली. शहराचें नांव पुढें अहिल्यानगर झालें. लांकडाची जागा पोलादानें घेतली, डिझेलच्या जोडीला वीज आली. रंगांची विद्याही पुष्कळ पुढें गेली असून आतांच्या मोटारींवर रंगाच्याही वर एक पारदर्शक लेप असतो. तरी १९४८ सालीं उभा राहिलेला तो प्रश्न जेथल्या तेथें आहे. खासगी मोटारीला तिचा मालक जपतो. एस. टी.च्या पत्र्यावर मात्र कोणी खिळ्यानें नांव कोरतो, कोणी जाहिरात चिकटवितो, आणि एखादें आंदोलन पेटलें कीं पहिला दगड बहुधा तिच्याच अंगावर पडतो. त्या प्रत्येक ओरखड्यांतून पाणी आंत शिरतें, आणि त्या पत्र्याचा खर्च अखेरीस तिकिटांतूनच निघतो.

खंडेनवमीला आगारांत गाड्यांना झेंडूच्या माळा पडतात. तो एक दिवस. उरलेल्या दिवसांचा मान ज्यांचा आहे, ते लोक पहाटेच्या अंधारांत रात्रीची धूळ धुऊन गाडी स्थानकाकडे पाठवितात. त्यांच्या हातांनीं राखलेल्या रंगावर आपलें नांव न कोरणें, एवढी साथ तर प्रत्येक उतारूला देतां येण्यासारखी आहे.