वाढवण : एका ‘नाही’चा ‘हो’ कसा झाला

आज आपण समुद्राच्या कायद्याचा इतिहास एका गावाच्या काठावरून पाहू. गाव म्हणजे डहाणू तालुक्यातलं वाढवण.

सुरुवात थोडी मागून करू. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं. त्याचा मासळीवर काय परिणाम होईल, याचा अहवाल तेव्हा कायद्याने कुणी मागितला नाही, कारण तसा कायदाच नव्हता. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. परिणाम मूल्यांकन सक्तीचं करणारी अधिसूचना १९९४ ची, तिच्यात जनसुनावणी आली १९९७ ला, आणि आज लागू आहे ती २००६ ची.

डहाणूचं मात्र वेगळं होतं. जून १९९१ मध्येच हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. उद्योगांच्या हिरव्या, नारिंगी, लाल अशा याद्या झाल्या आणि लाल यादीला इथे बंदी. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये देखरेखीला प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. वाढवण बंदराचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला आणि १९९८ मध्ये प्राधिकरणाने स्वच्छ सांगितलं की इथे बंदर बसत नाही.

आता २०२० वर येऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरं आणि गाळउपसा ‘बिगर-औद्योगिक’ कामांत टाकले. म्हणजे काय झालं? समुद्र तोच, खडक तेच, मासळीही तीच. पण बंदर जर उद्योगच नसेल, तर लाल यादीची आडकाठी कुठे उरली? जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी मिळाली, जूनमध्ये ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. समुद्रात भराव घालायचा आहे १,४४८ हेक्टरवर.

बंदराच्या बाजूचंही आपण ऐकलं पाहिजे. किनाऱ्याजवळच सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, मोठी कंटेनर जहाजं थेट लागतील, रोजगार येईल. हे मुद्दे पोकळ नाहीत.

पण आपला मुद्दा कायद्याचा आहे. १९९८ चा प्रश्न होता, ‘इथे बंदर व्हावं का?’ २०२३ पर्यंत तो झाला, ‘कोणत्या अटींवर व्हावं?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येणं फार कठीण.

यात सर्वांत जास्त पणाला लागलंय ते मच्छीमाराचं. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, जमीन गेली तर निदान कागद बोलतो. समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्याच्या नावावर पाण्याचा तुकडा नसतो. तो तिथे मासेमारी करतो, कोणत्या महिन्यात, कोणती मासळी, हे मूल्यांकन अहवालात आलं नाही, तर सरकारी दफ्तरात त्याचं नुकसान झालंच नाही! जनसुनावणीत हरकत नोंदवता येते, पण तिथे मतदान नसतं. हरकतीला उत्तर द्यावं लागतं, ती मान्य करावीच लागते असं नाही.

म्हणून असा अहवाल हाती आला की आधी निष्कर्षाकडे धावू नका. पहिला प्रश्न हा विचारा: इथे मासे कोण पकडतं, हे यात लिहिलंय का?