वांझ फुलांचा वंश : निळवेलीची गोष्ट

श्रावण सरून भाद्रपद लागला की रत्नागिरीजवळच्या पावस गावात जांभ्या दगडाच्या गडग्यांवर निळवेल चढू लागते. पहाटे उमलणारे तिचे कर्ण्यासारखे फूल निळे असते. ऊन चढले की ते जांभळट गुलाबी पडते आणि दुपारपर्यंत मिटून जाते. तण म्हणून उपटून टाकली तरी पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा हजर. ज्या वेलीकडे कोकणात कोणी वळूनही पाहत नाही, तिच्यासाठी एके काळी जपानमध्ये शोगुनांची राजधानी वेडी झाली होती. त्या वेडातून माळ्यांनी आनुवंशिकतेची अशी एक युक्ती हस्तगत केली, जिचे स्पष्टीकरण शास्त्राला पुढे कित्येक दशकांनी देता आले.

आपल्याकडे या वेलीचे फूल नव्हे, बी ओळखीचे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा काळादाणा तो हाच. रेचक, आणि तेही जहाल. अरबी वैद्यकात याच बियांना ‘हब्बुन्नील’ म्हणत, म्हणजे निळीचा दाणा. संस्कृतातला ‘नील’ असा अरबी मुखातून फिरत युरोपात पोहोचला आणि 1762 मध्ये लिनिअसने वेलीच्या लॅटिन नावात ‘निल’ हाच शब्द ठेवला. गंमत अशी की वनस्पतिशास्त्रज्ञ या वेलीचे मूळ अमेरिकेत मानतात. पण कोलंबस जन्मण्याच्या कित्येक शतके आधी ती आशियात रुजलेली होती.

जपानमध्ये ती नारा काळात, आठव्या शतकाच्या सुमारास चीनमधून गेली, तीही औषध म्हणूनच. चिनी भाषेत या बियांचे नाव ‘बैल ओढून आणणारे बी’ अशा अर्थाचे आहे. गुण आलेल्या रोग्याने कृतज्ञतेने वैद्याच्या दारी बैल आणून बांधला, अशी त्यामागची कथा सांगतात. जपानी लोकांनी फुलाला मात्र ‘आसागाओ’, म्हणजे सकाळचा चेहरा, असे नाव दिले आणि हळूहळू दाण्यापेक्षा चेहराच मोठा झाला.

1806 मध्ये एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, भीषण आग लागली. शिताया भागात मोकळ्या पडलेल्या जागांवर माळ्यांनी निळवेली लावल्या, असे सांगितले जाते. तुटपुंज्या वेतनावर जगणाऱ्या कनिष्ठ सामुराई घरांनीही हा जोडधंदा उचलला. पाहता पाहता विचित्र फुलांची चढाओढ लागली. पाकळ्या फाटून झिरमिळ्या झालेले फूल, सिंहाच्या आयाळीसारखे उलटे वळलेले फूल, पाकळीत पाकळी भरून आलेले दुहेरी फूल, विलोच्या पानासारखे अरुंद पान, एकाच वेलीवर रोज सकाळी निराळे शिंतोडे घेऊन येणारे पांढरे-निळे फूल! यांतली कित्येक फुले निळवेलीची आहेत, हे सांगूनही पटू नये. ही लाट दोनदा उसळली : एकदा 1804 ते 1830 च्या दरम्यान आणि पुन्हा 1848 ते 1860 या काळात. 1854 मध्ये तर निवडक छत्तीस निळवेलींचा सचित्र संग्रहच छापला गेला. प्रत्येक वेलीचे नाव म्हणजे पानाचा रंग, पानाचा आकार, फुलाचा रंग, फुलाची घडण अशी ओळीने दिलेली लांबलचक जंत्री असे. नावात काव्य फारसे नव्हते, पण तेवढ्यावरून वेल डोळ्यांपुढे उभी राही.

आता खरी अडचण. जे फूल सर्वांत अद्भुत, ते बहुधा वांझ. पुंकेसर आणि स्त्रीकेसरच पाकळ्यांत बदलून गेले, तर बी धरणार कोठून? त्यात निळवेल एका हंगामाची. थंडी आली की मेली. मग आज पाहिलेले फूल पुढच्या वर्षी पुन्हा कसे आणायचे?

उत्तर त्या वेलीच्या साध्या भावंडांत होते. एकाच वेलीच्या बियांतून उगवलेल्या, दिसायला अगदी सामान्य अशा रोपांचे बी माळी वेलीगणिक वेगळे ठेवत आणि पुढच्या वर्षी पेरून पाहत. काही साध्या वेलींच्या संततीत ते अद्भुत फूल पुन्हा प्रकटे, काहींच्या नाही. ज्यांच्यात प्रकटे, त्या वेली जपायच्या. आजच्या भाषेत सांगायचे तर दोष प्रच्छन्न होता. साधी वेल त्याची एक प्रत गुपचूप वाहत असे, आणि अशा वेलीच्या दर चार रोपांत सरासरी एका रोपात दोन्ही प्रती एकत्र येत. असे दोन गुण एकाच फुलात हवे असतील, तर सोळांत एक. तीन हवे असतील, तर चौसष्टांत एक. म्हणून बी भरपूर पेरावे लागे. फुलाची वाटही पाहत बसायची नसे, कारण पुष्कळ वेळा कोंबाची पहिली दोन पानेच वेडीवाकडी येत आणि तेवढ्यावरून जाणता माळी रोप निवडून कुंडीत हलवी.

मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला 1866 मध्ये, आणि जगाने त्याची दखल घेतली ती 1900 मध्ये. एदोच्या माळ्यांनी नियम मांडला नव्हता, हे खरे. त्यांना मेंडेलचे पूर्वसूरी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मेंडेलने गणित केले, यांनी पेरणी केली. पण देखणे फूल टिकवायचे तर त्याचे साधे भावंड जपावे लागते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

1868 हे वर्ष येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी शोगुनांची सत्ता संपली आणि एदोचे टोकियो झाले. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तयार झालेल्या सरकारी औषधसंहितेत काळादाण्याची नोंद झाली. मेक्सिकोहून येणाऱ्या जालप या रेचकाला तो देशी पर्याय होता. जालप हेही निळवेलीच्याच एका चुलतबहिणीचे मूळ. एकाच वेलीची एका देशात छत्तीस चित्रे छापली जावीत आणि दुसऱ्या देशात पोट साफ करण्याच्या मात्रेपुरती नोंद व्हावी!

शिंतोड्यांचे कोडे उलगडायला विसावे शतक संपत आले. 1994 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी निळवेलीत एक उडता जनुकखंड दाखवून दिला. तो रंगाच्या जनुकात जाऊन बसला की फूल पांढरे होते. पाकळी वाढत असताना तो मधूनच उडाला, तर त्या पेशीपासून पुढे निळा पट्टा उमटतो. निळ्या रंगाचे मर्मही त्याच सुमारास कळले. ‘हेव्हन्ली ब्ल्यू’ या भगिनी-जातीची कळी जांभळट तांबूस असते आणि उमललेले फूल निळे. 1995 मधील संशोधनानुसार पाकळीतल्या रसाचा सामू उमलताना 6.6 वरून 7.7 पर्यंत चढतो. रंगद्रव्य तेच राहते, निळाई येते ती रस अल्कधर्मी झाल्याने. निळवेलीचा संपूर्ण जनुकसंच 2016 मध्ये वाचला गेला.

मधल्या काळात मात्र पुष्कळ काही हरवले. हौस ओसरली, युद्धे झाली, आणि साधी भावंडे पेरणारे हात थांबले की वांझ फुलांचे वंश एका-दोन हंगामांत संपत. जे उरले ते काही हट्टी हौशी आणि संशोधकांमुळे. आज क्युशू विद्यापीठात निळवेलीचे शेकडो वाण जतन केलेले आहेत. एदोकालीन चित्रांत दिसणारी गडद पिवळी निळवेल त्यांच्यात नाही. 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी स्नॅपड्रॅगनचे जनुक घालून पिवळे फूल उमलवून दाखवले. पण चित्रातला तो जुना पिवळा रंग कोणत्या जनुकाने आणला होता, हे सांगणारे बी आता कोणाकडेच नाही.