बंद पडलेली फटफटी : पहिल्या किकआधी काय करावे?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील कितीतरी जुन्या घरांच्या ढेलजेत, गोठ्याच्या आडोशाला किंवा जिन्याखाली एखादी राजदूत, येझदी वा बुलेट वर्षानुवर्षे उभी असते. एकेकाळी तिने शेत, शाळा आणि बाजारपेठ यांतील अंतर तोडलेले असते. वडील थकतात, मुले नवी गाडी घेतात आणि जुनी फटफटी धुळीत जाते. दसऱ्याला मात्र तिलाही झेंडूचा हार चढतो आणि घरातील एखादा तरुण उत्साहाच्या भरात किक मारून पाहतो. गाडीचे खरे नुकसान बहुधा याच क्षणी होते.

कारण साधे आहे. इंजिन चालते राहिले की पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हा थर निथळून जातो आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर गंज धरतो. अशा कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टन जोराने फिरवला, तर रिंगा गंजावर घासून सिलिंडरला चरे पडतात किंवा रिंग तुटते. थोड्याशा तेलाने आणि रात्रभराच्या धीराने जे काम झाले असते, त्यासाठी मग नवा बोअर आणि नवा पिस्टन यांचा खर्च करावा लागतो.

कोणत्या गाड्या, कोणते सुटे भाग?

पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवर आधारलेली एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ तिच्या दणकट बांधणीमुळे ग्रामीण भागात रुजली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी या गाड्या तयार झाल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादनही १९८५ ते १९९६ एवढ्याच काळात झाले. हीरो होंडाची सीडी १०० ही १९८५ मध्ये आलेली फोर-स्ट्रोक गाडी. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये बाजारात परतले असले, तरी नव्या गाड्यांची इंजिने सर्वस्वी वेगळी आहेत. त्यांचे भाग जुन्या गाड्यांना बसत नाहीत. म्हणून जुन्या गाडीचा कोणताही मूळ भाग नवा हाती येईपर्यंत भंगारात टाकू नये.

उभ्या गाडीला काय होते?

वऱ्हाडच्या हवेत गाडीचा दुहेरी कस लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा टायर, नळ्या आणि ऑइल सील यांचे रबर वाळून तडकते. जूननंतरच्या दमट हवेत लोखंड गंजते. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि बाहेरची ओलसर हवा आत ओढते. त्या हवेतील पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. म्हणूनच टाकी वरून चकचकीत दिसली, तरी तळातून कुजलेली असू शकते. पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि उरलेल्याची राळेसारखी चिकट खळ तयार होते. २०२५ पासून देशभर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्याचा विचार करून बनवलेले नाही. म्हणून पेट्रोलची नळी आणि गॅसकेट नव्या दर्जाचे बसवणे इष्ट ठरते.

इंजिन मोकळे करताना

सर्वप्रथम सायलेन्सरचे तोंड आणि एअर फिल्टर तपासावा. कुंभारीण माशीचे मातीचे घर किंवा उंदराने नेलेल्या चिंध्या तेथे हमखास सापडतात. त्यानंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडावे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किकचा दांडा पायाने न मारता हाताने हळूहळू दाबावा. इंजिन फिरले तर अर्धी लढाई जिंकली असे समजावे.

ते फिरले नाही, तर डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण सोडून आणखी तीन-चार दिवस थांबावे. मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हलकेच पुढे-मागे करावे. हातोडीचा उपयोग कधीही करू नये. आठवडाभरात पिस्टन सुटला नाही, तर हेड उघडण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे.

राजदूत, येझदी, आरएक्स १०० अशा टू-स्ट्रोक गाड्यांत क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलला विशेष महत्त्व आहे. वाळलेल्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरली की पेट्रोल-ऑइलचे मिश्रण विरळ होते, इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि धावत्या गाडीत पिस्टन जाम होतो. गिअर बॉक्सचे तेल आत ओढले गेले, तर न संपणारा पांढरा धूर निघतो. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीचे हे सील बदलूनच घ्यावेत. फोर-स्ट्रोक गाडीत जुने तेल पूर्ण काढून नवे भरावे, तसेच व्हॉल्व्ह अडकलेले नाहीत याची खात्री करावी.

टाकी, कार्बोरेटर आणि ठिणगी

टाकीतील जुने पेट्रोल मोकळ्या जागेत, विडी-काडीपासून दूर काढावे. रिकामी टाकी निर्धोक असते हा समज घातक आहे. पेट्रोलच्या वाफा भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक सहजपणे स्फोट पावते, म्हणून पूर्ण धुतल्याखेरीज तिला वेल्डिंग करू देऊ नये. आतील गंज सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर एक-दोन दिवस भरून ठेवल्यास सुटतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने टाकी धुऊन लगेच कोरडी करावी. ओली राहिल्यास दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तांबूस होते.

कार्बोरेटर उघडल्यावर जेटच्या छिद्रात लोखंडी तार घालू नये. जेट मऊ पितळेचे असतात. छिद्र जरासे मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने ते साफ करावेत. गाडी सुरू होते पण संथ गतीवर टिकत नाही, या तक्रारीमागे बहुधा पायलट जेट तुंबलेला असतो.

पॉइंट असलेल्या गाड्यांत त्यांच्यावर पांढरा थर बसतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर ठेवावे. ठिणगी पाहताना प्लग इंजिनच्या धातूला टेकवावा. मात्र उघडे प्लग-छिद्र आणि टाकी यांपासून तो दूर असावा. येझदीसारख्या अनेक जुन्या गाड्यांची यंत्रणा ६ व्होल्टची आहे. त्यांना १२ व्होल्टची बॅटरी वा बल्ब लावू नयेत.

सुरू होण्याआधी थांबणे

इंजिनाच्या आवाजाच्या ओढीत ब्रेक मागे पडतात. ड्रम उघडून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये, कारण जुन्या लायनरचा डिंक सुटून तुकडा चाकात अडकू शकतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने धूळ फुंकून न काढता ओल्या फडक्याने पुसावी. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा चार आकडी संकेत असतो. ‘२३१८’ म्हणजे २०१८ मधील २३ वा आठवडा. २००० पूर्वीच्या टायरांवर तीनच आकडे आढळतात. तडे गेलेला टायर नक्षी शाबूत असली तरी टाकून द्यावा. क्लच आणि ब्रेकच्या केबल, चाकांचे बेअरिंग, चेन यांचीही पाहणी करावी. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील, तर गिअर टाकताच गाडी उसळी घेते.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना ताजे पेट्रोल वापरावे. टू-स्ट्रोक गाडीसाठी त्यात पुस्तिकेतील प्रमाणानुसार ऑइल मिसळावे. गाडी बंद खोलीत सुरू करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साईड प्राणघातक असतो. दोन-तीन मिनिटे चालवून इंजिन थंड होऊ द्यावे आणि गळती तपासावी. अमरावती-अकोला महामार्गाच्या लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस विक्रम नोंदवला गेला. तो गुळगुळीत रस्ता मोह घालणारा असला, तरी नव्या रिंगा बसवलेल्या गाडीने पहिले काही शे किलोमीटर गावातच, कमी वेगात काढावेत.

कागदपत्रांचा गुंता

गाडी सुरू झाली म्हणून ती रस्त्यावर आणण्याचा अधिकार मिळत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क २,००० रुपये आहे. विलंब शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर यांचा भार वेगळा पडतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे. तृतीय पक्ष विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रही लागते. नोंदणी संपलेली असल्यास तपासणीसाठी गाडी चालवत न नेता टेम्पोतून नेणेच योग्य.

मूळ मालक हयात नसल्यास वारसाला नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. अमरावतीच्या एमएच-२७ किंवा अकोल्याच्या एमएच-३० मालिकेपूर्वीच्या जुन्या क्रमांकांची नोंद संगणकात नसल्याचेही आढळते. म्हणून इंजिनावर खर्च करण्याआधी परिवहन कार्यालयात नोंदीची चौकशी करावी. रंगकाम सर्वांत शेवटी करावे आणि त्या वेळी चॅसीवरील क्रमांक घासला जाणार नाही याची काळजी घ्यावी. तो वाचता आला नाही, तर उत्तम चालणारी गाडीही तपासणीत अडकते. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकीसाठी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आहे. मात्र तिचे शुल्क २०,००० रुपये असून अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

पुनरुज्जीवित गाडी पुन्हा दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटर रिकामा करावा, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, बॅटरी काढून ठेवावी आणि चाके जमिनीवरून उचललेली राहतील अशा बेताने गाडी टेकवावी. महिन्यातून एकदा प्लग काढून इंजिन हाताने फिरवले, तरी पुढच्या दसऱ्याला ती पहिल्या किकसाठी सज्ज राहते.